एक म्हणजे किती?

माणसाला नंबर देणं हा माणुसकीचा अपमान आहे, असं एक मत आपल्याकडे फार लोकप्रिय आहे. हे मत मांडणारा माणूस बहुधा बँकेच्या रांगेत उभा असतो. त्याला खातेक्रमांक विचारला की तो दुखावतो. "अहो, मला ओळखत नाही का तुम्ही? गेली पंधरा वर्षं येतोय!" ओळखतो ना. चांगला ओळखतो. पण मी ओळखून काय उपयोग? माझ्यापुढे जो संगणक बसवलेला आहे तो शेवगावचा नाही.

खरं सांगायचं तर शेवगावात तरी माणूस नुसत्या नावाने कुठे ओळखला जातो? बाजारतळावर उभं राहून "दत्तात्रय!" अशी हाक मारली तर निदान सहाजण वळून पाहतील आणि सातवा मोबाइलवर बोलता बोलता "हां, आलो" म्हणेल. म्हणून इथे माणसाची ओळख अशी सांगतात : "पैठण रोड, गिरणीवाले, त्यांचा मधला." आधी जागा, मग घराणं, मग त्यातला कितवा. हा नंबरच झाला, फक्त त्यात आकडे नाहीत. तेव्हा नंबर असावा की नसावा, हा प्रश्न मला फारसा सतावत नाही. मला सतावणारा प्रश्न त्याहून साधा, म्हणजेच जास्त अवघड आहे. तो असा, की एक म्हणजे किती?

हसू नका. पहिलीच्या मास्तरांनी आपल्याला एक काढायला शिकवलं. एक ओळखायला कोणी शिकवलेलं नाही. मी बी.कॉम. झालो तरी हे राहूनच गेलं होतं. ते शिकवलं माझ्या भाचीने. ही पुण्याला शिकते. दिवाळीला आली ती फराळाच्या डब्याआधी लॅपटॉप उघडून बसली. शिकते काय, तर झाडांची वलयं मोजायला. झाडाच्या बुंध्यात दरसाल एक वलय पडतं. बऱ्या पावसाच्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी सडपातळ. उष्ण प्रदेशातल्या सगळ्याच झाडांना अशी स्पष्ट वलयं पडत नाहीत, पण सागाला पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या पंत आणि बोरगावकर या शास्त्रज्ञांनी ठाणे भागातल्या सागाच्या वलयांवर १९८३ साली लिहिलं. पुढे बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातल्या सागावरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची सलग नोंद लावली आणि त्यात मान्सून कुठे कुठे रुसला होता ते वाचलं. ५२३ वर्षं! आमच्याकडे दहा वर्षांपूर्वीचं व्हाउचर काढायचं म्हणजे दोन माणसं आणि एक शिडी लागते.

"पण त्यासाठी झाड पाडायचं?" मी विचारलं.

"नाही मामा. एक पोकळ गिरमिट असतं. ते खोडात फिरवत न्यायचं आणि पेन्सिलीएवढी काडी बाहेर काढायची. झाडाला फारसं काही होत नाही. त्याला इन्क्रिमेंट बोरर म्हणतात."

इन्क्रिमेंट हा शब्द ऐकताच मी सावरून बसलो. नोकरदार माणसाच्या आयुष्यात याहून गोड इंग्रजी शब्द नाही. म्हणजे वलय हे झाडाचं वार्षिक इन्क्रिमेंट! पाऊस बघून मिळतं, मागून मिळत नाही आणि फरकाची थकबाकी तर नाहीच. शिवाय झाड ते आयुष्यभर जपून ठेवतं. आमचं आठ तारखेला संपतं.

तर सांगायचा मुद्दा त्या काडीचा. एका झाडातून सहसा एक काडी काढत नाहीत, दोन काढतात. कारण झाड सगळ्या बाजूंनी सारखं वाढतंच असं नाही. उतारावरचं एका अंगाने पुष्ट होतं, दुसऱ्या अंगाने राहतं. एखादं वलय तर एका बाजूला अजिबात सापडत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंचं ऐकून घ्यायचं. अशा वीस-तीस झाडांच्या चाळीस-साठ काड्या झाल्या की त्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून प्रत्येकीला एक संकेतांक देतात. समजा ठाण्याच्या जंगलाला 'टीएचए' म्हटलं, तर 'टीएचए०५बी' म्हणजे ठाण्याचं जंगल, पाचवं झाड, दुसरी काडी. जागा, घराणं, त्यातला कितवा. पैठण रोड, गिरणीवाले, मधला! मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

हा संकेतांक फार लांब ठेवता येत नाही. वलयांच्या नोंदीची जी जुनी रीत आहे तिला अमेरिकेतल्या टूसॉन गावाचं नाव आहे. ती पंचकार्डांच्या काळातली. तिच्यात ओळखीला जास्तीत जास्त आठ घरं. ओळखीला आठ घरं पुरत नाहीत ही तक्रार मी करणार नाही. आमच्या आयएफएससी कोडमध्ये अकरा घरं असतात. पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची आणि मधलं पाचवं शून्याचं. ते शून्य पुढे कधी उपयोगी पडावं म्हणून राखून ठेवलेलं आहे. प्रत्येक कचेरीत अशी एक जागा असते.

आता हे संकेतांक संगणकाच्या हवाली केले की काय होतं ते पाहा. संगणक मूर्ख नसतो. तो आगाऊ असतो. '००७' लिहा, हिशेबाच्या तक्त्यात तो ७ होऊन बसतो. पुढची शून्यं त्याला फुकट वाटतात. '५ई२' नावाची काडी असेल तर तिचे पाचशे होतात. 'मार्च१' असं इंग्रजीत लिहिलं की ती पहिली मार्च ठरते. ही थट्टा नव्हे. माणसाच्या काही जनुकांची नावं अशीच होती आणि तक्ते त्यांच्या तारखा करून टाकत. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली त्यासाठी नावांचे नियम केले आणि जनुकांची नावं बदलली. तक्ता बदलला नाही, माणसाने जनुकांचं बारसं पुन्हा केलं! माझी भाची 'आर' नावाची संगणकभाषा वापरते. तिथे स्तंभाचं नाव आकड्याने सुरू झालं तर ती भाषा न विचारता त्याच्यापुढे 'एक्स' लावते, जसं आपण अनोळखी माणसापुढे 'श्री.' लावतो तसं. शिवाय तिला मोठा 'ए' आणि धाकटा 'ए' ही दोन वेगळी माणसं वाटतात. देवनागरीत असला उच्चनीच भेद नाही याचा मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

इथवर सगळी गंमत होती. खरा नैतिक प्रश्न पुढेच उभा राहिला. या 'आर'मध्ये वलयांचा हिशेब करण्यासाठी 'डीपीएलआर' नावाची एक तयार पेटी आहे. अँडी बन यांनी २००८ साली ती जगापुढे मांडली. तिला तीन आकडे सांगायचे, म्हणजे आमच्या उदाहरणात ३, २, १ : पहिली तीन अक्षरं जागेची, पुढची दोन झाडाची, शेवटचं एक काडीचं. मग कोणती काडी कोणत्या झाडाची ते तिला कळतं. अंदाजाने नाती ओळखणारी सोयही तिच्यात आहे, पण तो अंदाजच, लग्नाच्या मांडवात "तुम्ही मुलीकडचे ना?" म्हणून विचारतात तसा. आणि तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर? तर ती तक्रार करत नाही. साठ काड्या दिसल्या, म्हणजे साठ झाडं असणार, असं धरते आणि कामाला लागते.

"मग बिघडलं काय?" मी म्हटलं. "आकडे तर तेच आहेत."

भाचीने कागद ओढला. या शास्त्रात एक निर्देशांक आहे. जमवलेली झाडं मिळून सगळ्या जंगलाच्या वतीने किती बोलू शकतात, ते तो सांगतो. तो ०.८५ च्या वर गेला तर पास, असा सर्वसाधारण रिवाज आहे. समजा आठ झाडं, प्रत्येकी दोन काड्या. निरनिराळ्या झाडांचा आपसातला मेळ ०.३ आणि एकाच झाडाच्या दोन काड्यांचा मेळ ०.६. (एका घरातले असूनही ०.६ च, यावरून झाडंही आपल्यासारखीच, हे कळतं.) आता नाती नीट सांगून हिशेब केला तर उत्तर येतं ०.८३. नापास. आणि नाती न सांगता सोळा झाडं म्हणून केला तर ०.८८. पास, वर तीन गुण जास्त! मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे बेरीज-भागाकार दोनदा करून पाहिला. बरोबर होता.

मी अस्वस्थ झालो तो इथे. बँकेत गैरव्यवहार म्हटला की एक खोटा आकडा असतो. आठाचा ऐंशी केलेला असतो, एखादी सही काढलेली असते. तपासनीस येतो, तो खोटा आकडा शोधतो आणि जेवायला जातो. इथे एकही आकडा खोटा नव्हता. प्रत्येक वलय प्रामाणिकपणे मोजलेलं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत. तरीसुद्धा सगळं मिळून जे झालं ते असत्य होतं, कारण एकाच साक्षीदाराला पुढच्या दाराने आणि मागच्या दाराने असं दोनदा कोर्टात आणलं होतं. सुट्या सुट्या सत्यांची बेरीज चुकीची येऊ शकते, ही गोष्ट बी.कॉम.च्या अभ्यासक्रमात नव्हती.

आणि मग मला दिसायला लागलं की आपण सगळे दिवसभर हाच उद्योग करत असतो. परवा शेवगावात बातमी उठली की नाथसागराचं पाणी आता अमुक तारखेला सुटणार. मला चौघांनी सांगितलं. चौघंही शहाणे, चौघंही एकमेकांशी न बोलणारे. चार जणांनी सांगितलं म्हणजे खरंच असणार. जरा खोदून विचारलं तेव्हा कळलं की चौघांनीही त्या सकाळी एकाच सलूनमध्ये दाढी केली होती. काड्या चार, झाड एक! आणि त्या झाडाने तरी ते पाण्याचं कुठून आणलं, तर आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाकडून.

मुलामुलींच्या स्थळाची चौकशी घ्या. आपण पाच ठिकाणी विचारतो. पाचही ठिकाणी "मुलगा सोन्यासारखा आहे" असं उत्तर येतं. ते पाचही मुलाच्या मामाचे दोस्त असतात. "लोक म्हणतात" हा मराठीतला सर्वांत धोकादायक कर्ता आहे. लोक म्हणतात, पण किती लोक? कोणाचं ऐकून म्हणतात? मोबाइल आल्यापासून तर एका झाडाच्या चाळीस काड्या सकाळच्या चहाआधीच आपल्या खिशात येऊन पडतात, आणि आपण म्हणतो, "सगळीकडून तेच येतंय!" सगळीकडून येत नाही हो. एकाच ठिकाणाहून, सगळ्या वाटांनी येतं.

मात्र याच्या उलटही पाप आहे, आणि ते मला रोज काउंटरवर दिसतं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत आहे. एक आजी येतात. आधारवर माहेरचं नाव, पासबुकात सासरचं, रेशनकार्डावर दोन्ही मोडून केलेलं तिसरंच. निराधाराचं अनुदान आलंय म्हणतात, खात्यात दिसत नाही. कुठल्याशा कचेरीतल्या यंत्राने ठरवलंय की या दोन बायका आहेत. एकीला पैसे मंजूर आहेत पण तिचं खातं नाही. दुसरीचं खातं आहे पण तिला पैसे मंजूर नाहीत. आणि या दोघींच्या मध्ये एक खरी आजी पिशवी धरून बाकावर बसलेली असते. तिने नाव बदललं ते स्वतःच्या हौसेने नव्हे. अक्षतांच्या तांदळात दुसऱ्यांनी लिहून दिलं. झाड एक, काड्या दोन, आणि यंत्र म्हणतं झाडंच दोन. तिथे निर्देशांक वाढतो. इथे एका म्हातारीचं महिन्याचं तेल-मीठ थांबतं. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्र, ओळखीचे दोन साक्षीदार. (हे दोन साक्षीदार एकाच घरातले चालतात. कायदा 'डीपीएलआर'पेक्षा भाबडा आहे.)

आणि तिसरंही पाप आहे : दोन झाडांना एक समजणं. दोन दत्तात्रय, दोघांचे वडील विठ्ठल, गाव एकच. एकाने कर्ज थकवलं आणि नोटीस दुसऱ्याच्या दारात. हा दुसरा गृहस्थ आयुष्यात कोणाचा पाच रुपयांचा देणेकरी नाही. तो बिचारा नोटीस घेऊन आला की त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. त्या दिवशी कोणी त्याला म्हणून पाहावं की नंबर हा माणुसकीचा अपमान आहे. त्याला नंबरच वाचवतो. नाव त्याला बुडवायला निघालेलं असतं.

म्हणून मी भाचीसमोर नंबरांच्या बाजूने जोरदार भाषण केलं. तिने ऐकून घेतलं आणि मग मला दोन लाकडांच्या गोष्टी सांगितल्या.

पहिलं लाकूड 'एचएच-३९'. अमेरिकेत अँड्र्यू डग्लस नावाचे खगोलशास्त्रज्ञ होते, सूर्यावरच्या डागांचा माग काढता काढता झाडांकडे वळले. त्यांच्याकडे वलयांच्या दोन साखळ्या होत्या. एक हयात झाडांपासून मागे मागे जाणारी, सालवार लागलेली. दुसरी प्राचीन वस्त्यांच्या तुळयांवरून जुळवलेली, पण अधांतरी. तिचं साल कोणतं ते कळेना. दोन्हींच्या मधला दुवा मिळत नव्हता. २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनातल्या शो लो या गावी एक अर्धवट जळकी तुळई मिळाली. तिच्यात १२३७ ते १३८० पर्यंतची वलयं होती, आणि ती दोन्ही साखळ्यांना बरोबर बसली. त्या एका लाकडाने अनेक ओसाड वस्त्यांना त्यांच्या जन्मतारखा मिळवून दिल्या. चिठ्ठी हरवली असती तर ते चुलीत घालण्याच्याही लायकीचं नव्हतं, आधीच जळलेलं. आज 'एचएच-३९' हे त्या शास्त्रात एखाद्या पूर्वजासारखं नाव घेऊन सांगतात.

दुसरं लाकूड 'डब्ल्यूपीएन-११४'. नेवाडा राज्यातल्या व्हीलर शिखरावरचं एक पाइन झाड. डोनाल्ड करी नावाचा एक विद्यार्थी तिथे अभ्यास करत होता. तालुक्याची आद्याक्षरं आणि ११४ वा नमुना, असा त्याचा संकेतांक. १९६४ साली वनखात्याची परवानगी घेऊन ते झाड रीतसर तोडलं. मग वलयं मोजली. ती ४,८०० हून जास्त भरली. तोवर माहीत असलेलं जगातलं सर्वांत वयस्कर झाड त्यांनी पाडलं होतं. त्या भागातल्या गिर्यारोहकांनी त्याला आधीच एक नाव दिलेलं होतं : प्रॉमिथ्यूस. माणसासाठी देवांकडून अग्नी आणणारा. पण कागदावर ते ११४ होतं. ११३ नंतरचं आणि ११५ आधीचं. पुढे १९८६ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. झाड अर्थातच परत उगवलं नाही.

यावर माझं भाषण थांबलं. प्रॉमिथ्यूस म्हणून ओळखीचं असतं तर कुऱ्हाड थांबली असती का? सांगता येत नाही. आपण नाव ठेवलेली, शेंदूर फासलेली झाडंही रस्तारुंदीत पाडतो. पण एवढं खरं की ११४ वर कुऱ्हाड चालवताना हात थोडा हलका पडत असावा. आकडा कोणाकडे बघून मान वर करत नाही.

विचार करकरून मी एका निष्कर्षाला आलो आहे. नंबर म्हणजे एक वचन असतं : तुला दुसऱ्यात मिसळू देणार नाही, तुझे दोन तुकडे करणार नाही, आणि तुझंच म्हणणं दोनदा मोजून दुसऱ्याचं म्हणणं झाकणार नाही. एवढं पाळलं की नंबराचं काम संपलं. त्यानंतर मान वर करून समोर झाड आहे की आजी आहे हे पाहणं, हे काम नंबराचं नाही. ते ज्याच्या हातात रजिस्टर आहे त्याचं. आमच्याकडचे बाहत्तरच्या दुष्काळात खडी फोडलेले म्हातारे आता थोडेच उरले आहेत. त्यांच्या पिंडऱ्या पाहिल्या तर त्या सालाचं सडपातळ वलय अजून दिसतं. पण त्यासाठी काउंटरच्या फटीतून बाहेर बघावं लागतं.

भाची पुण्याला परत गेली. जाताना सांगून गेली की जगभरच्या वलयांची एक आंतरराष्ट्रीय बँक आहे, १९७४ पासून. पाच हजारांहून जास्त जंगलांच्या ठेवी तिथे आहेत आणि कोणीही, कोणत्याही वेळी, एकही फॉर्म न भरता त्या काढून नेऊ शकतो. बँक या शब्दाचा असा बेजबाबदार वापर मी प्रथमच ऐकला.

आता घरात मी ही नवी मोजणी लागू केली आहे. पूर्वी कोणत्याही प्रश्नावर मी आणि सौभाग्यवती एकमताने बोललो की मला वाटायचं, दोन मतं पडली. आता कळतं की ती एकाच झाडाची दोन टोकं आहेत आणि झाड कोणाचं हेही कळतं. तेव्हा हा लेख आवडल्याची दोन पत्रं आली, तर मी हुरळून जाणार नाही. आधी दोन्हींवरचा पत्ता पाहीन. शेवगावचाच निघाला, तर अक्षर पाहीन.